जुन्या ॲम्पला स्ट्रीमर जोडायचाय, मग डॅक वेगळा घ्यावा का?

कोल्हापूरच्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांनी १९८० च्या दशकात घेतलेला भारतीय बनावटीचा स्टिरिओ ॲम्प्लिफायर घरात आहे आणि त्याला मागे पाच पिनांचं गोल डिन सॉकेट आहे. बुकशेल्फ स्पीकर चार वर्षांपूर्वीचे. ऐकणं मुख्यतः ख्याल आणि नाट्यगीतं, अधूनमधून जुनी हिंदी गाणी. तीनशेच्या आसपास सीडी कपाटात पडून आहेत. सध्या फोनवरून एका छोट्या ब्लूटूथ रिसीव्हरमार्फत ऐकणं चालतं, पण आवाज ‘पातळ’ वाटतो आणि मागे बारीक घूं येत राहतो. बजेट साठ हजार. दुकानदाराने वीस हजारांचा स्ट्रीमर (वाय-फायवरून गाणी आणणारी पेटी) आणि चाळीस हजारांचा डॅक (डिजिटल गाण्याचं ॲम्पला समजेल असं रूप करणारी पेटी) सुचवलाय. घ्यावा का?

डॅकवर चाळीस हजार घालू नका. पुण्यात लोकांच्या घरी जाऊन सिस्टिम लावणं आणि जुने ॲम्प दुरुस्त करणं हे काम मी पंचवीस वर्षं करतोय. तुम्ही सांगितलेली दोन्ही लक्षणं, पातळ आवाज आणि घूं, डॅक बदलून गेलेली मी फार क्वचित पाहिली आहेत.

आधी फुकटातली तपासणी. आवाज पातळ असण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे एका स्पीकरच्या वायरी उलट लागलेल्या असणं. एक शंकू बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. डग्गा हरवतो, गायक दोन स्पीकरांच्या मधोमध बसलेला न वाटता खोलीभर पसरल्यासारखा वाटतो. ॲम्प बंद करा, स्पीकरच्या वायरी ॲम्पकडून सोडवा आणि लाल टोकाला दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलचं धन, काळ्याला ऋण असं एक क्षणभर टेकवा. शंकू बाहेर उसळला पाहिजे. दोन्ही स्पीकर सारखेच वागले पाहिजेत. मग वायरी परत जोडताना लालला लाल, काळ्याला काळी. जुन्या ॲम्पना मागे दाबायच्या क्लिपा असतात आणि त्यांच्यावरचे रंग चाळीस वर्षांत पुसले गेलेले असतात, त्यामुळे ही चूक घरोघरी सापडते.

आता डॅककडे येऊ. स्ट्रीमर म्हणजे घरच्या वाय-फायवरून गाण्याचे आकडे आणणारा छोटा संगणक. डॅक म्हणजे त्या आकड्यांपासून ॲम्पला समजेल असा व्होल्टेज तयार करणारं सर्किट. ज्या स्ट्रीमरला ॲनालॉग आउटपुट आहे, त्याच्या पोटात डॅक असतोच. वेगळा डॅक घेणं म्हणजे आतला बाजूला ठेवून तेच काम बाहेरच्या पेटीकडून करून घेणं. तेव्हा विचारायचं एवढंच की आतला डॅक कुठे कमी पडतोय.

१९८२ मध्ये सीडी बाजारात आली तेव्हा हा प्रश्न खरंच महत्त्वाचा होता. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा. फिलिप्सच्या पहिल्या प्लेअरमध्ये १४ बिटांचे कन्व्हर्टर होते आणि त्यांच्याकडून १६ बिटांचं काम काढून घ्यायला इंजिनिअरांना ओव्हरसॅम्पलिंगची, म्हणजे मूळ नमुन्यांच्या मधे गणिताने आणखी नमुने भरण्याची, युक्ती करावी लागली. त्या काळी एका प्लेअरचा आवाज दुसऱ्यापेक्षा वेगळा असायचा, हे मान्य. आज स्थिती पूर्ण उलटी आहे. हजार रुपयांच्या आसपास मिळणारा ॲपलचा सी-टाइप ते हेडफोन असा छोटासा ॲडॉप्टरही सीडीचा पूर्ण आवाका व्यवस्थित सांभाळतो. सीडीचा आवाका, म्हणजे सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर, साधारण ९६ डेसिबलचा. रात्री दहा वाजता, पंखा चालू असताना, माझ्या हॉलमधला गोंगाटच ४० डेसिबलच्या वर असतो. आपण ख्याल ऐकतो ८०-८५ डेसिबलने. म्हणजे कानापर्यंत पोचणारा खरा आवाका पन्नास डेसिबलच्या आतबाहेर. ११० किंवा १२० डेसिबल मिरवणाऱ्या दोन डॅकमधला फरक त्या पंख्याखाली कुठे ऐकू येणार?

‘सीडीत आवाजाच्या पायऱ्या होतात, हाय-रेझमध्ये त्या बारीक होतात’ असं चित्र दुकानात दाखवतात. (हाय-रेझ म्हणजे सीडीपेक्षा जास्त बारकाईने नमुने घेतलेल्या फायली.) ते चित्रच चुकीचं आहे. डॅकमधून बाहेर येताना फिल्टर त्या नमुन्यांमधून एक अखंड वळण काढतो आणि २० किलोहर्ट्झपर्यंतचा, म्हणजे तरुण कानाला ऐकू येणारा सगळा भाग, त्या वळणात पूर्ण असतो.

चिपच्या नावांचंही तसंच. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओका इथे असाही कासेई कंपनीच्या कारखान्याला आग लागली आणि एकेएम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डॅक चिपांचा पुरवठा आटला. कितीतरी उत्पादकांनी घाईने ईएसएसच्या चिपा बसवून आपली मॉडेलं पुन्हा आणली. एकेएम ‘मऊ’ आणि ईएसएस ‘टोकदार’ असं ठामपणे सांगणारे मला बरेच भेटले. आवाजाची पातळी जुळवून, कोणता डॅक चालू आहे हे न सांगता ऐकवल्यावर फरक ओळखणारा एकही भेटला नाही.

पातळी जुळवणं हाच या सगळ्याचा गाभा आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. दोन पेट्यांमधली एक अर्ध्या डेसिबलने जरी मोठी वाजत असेल, तरी कान तिला ‘मोठी’ म्हणत नाही. ‘जास्त मोकळी’, ‘जास्त भरदार’ म्हणतो. काही वर्षांपूर्वी एका स्नेह्याच्या घरी आम्ही पाच जण बसलो होतो. एक महागडा डॅक, एक छोटा स्वस्त डॅक आणि तानपुऱ्यावरच्या आलापाचं एकच रेकॉर्डिंग. पहिल्या फेरीत पाचही जणांनी महागड्याच्या बाजूने हात वर केले. मग मी स्पीकरच्या टोकांना मल्टिमीटर लावला. महागडा सव्वा डेसिबलने मोठा निघाला. पातळी सारखी करून पडद्याआडून पुन्हा ऐकवलं, तेव्हा मतं विखुरली आणि दोघांनी तर स्वतःचंच आधीचं मत फिरवलं. ते सगळे जाणकार कान होते, एक जण स्वतः तबला वाजवणारे. चूक कानांची नव्हती, तुलना करायच्या रीतीची होती. घरी करून बघायचं असेल तर २०० हर्ट्झचा एकसुरी टोन वाजवा आणि एसी व्होल्ट मोजा. साधे मल्टिमीटर १००० हर्ट्झला चुकीचं दाखवू शकतात, २०० ला बहुधा विश्वासाचे असतात.

लॅडर डॅक (रेझिस्टरांच्या शिडीने व्होल्टेज बनवणारे) किंवा ओव्हरसॅम्पलिंग नसलेले डॅक मात्र खरंच वेगळे वाजू शकतात. ओव्हरसॅम्पलिंग आणि भरपाई नसेल तर सीडीच्या दराला २० किलोहर्ट्झपाशी आवाज तीन डेसिबलने उतरतो, १० किलोहर्ट्झपाशी पाऊण डेसिबलने. हा एक हलका टोन कंट्रोल झाला. कुणाला तो आवडला तर त्यात वावगं काही नाही, पण तेच काम स्ट्रीमरमधला इक्वलायझर करतो आणि नको वाटलं तर बंदही करता येतो.

पैशाचा विचार करायचाय तो स्ट्रीमरसाठी, आणि तोही आवाजासाठी नव्हे. स्ट्रीमर हे सॉफ्टवेअर आहे आणि सॉफ्टवेअरला वय असतं. लॉजिटेकने २००६ मध्ये स्लिम डिव्हायसेस ही कंपनी घेतली, स्क्वीझबॉक्स जगभर गेला, २०१२ मध्ये कंपनीने ती मालिका थांबवली आणि २०२४ मध्ये तिची ऑनलाइन सेवाही बंद केली. त्या पेट्या आजही वाजतात त्या केवळ सर्व्हर सॉफ्टवेअर मुक्त होतं म्हणून. हौशी मंडळींनी ते ‘लिरियन’ या नावाने जिवंत ठेवलंय. गूगलचा क्रोमकास्ट ऑडिओ २०१५ मध्ये आला आणि २०१९ च्या सुरुवातीलाच त्याचं उत्पादन थांबलं. मी स्वतः एक महागडा स्ट्रीमर घेतला होता. सहा वर्षांत त्याचं ॲप नव्या फोनवर चालेनासं झालं. आतला डॅक ठणठणीत होता, पण त्याच्यापर्यंत गाणं पोचवायची वाटच राहिली नाही. तेव्हापासून मी स्ट्रीमरवर बेताचाच खर्च करतो आणि त्याला ऑप्टिकल किंवा कोएक्शियल डिजिटल आउटपुट आहे ना, हे आधी बघतो. पुढे कधी आतला डॅक नकोसा झाला किंवा टीव्ही, सीडी प्लेअर, लॅपटॉप सगळं एकाच ठिकाणी जोडायचं ठरलं, तर त्या आउटपुटवर बाहेरचा डॅक लावता येतो. तेव्हा घ्या, आणि आठ-दहा हजारांतला घ्या.

तुमच्यासाठी मी विम (WiiM) या कंपनीचा प्रो किंवा प्रो प्लस हा स्ट्रीमर बघेन. स्पॉटिफाय कनेक्ट, एअरप्ले, गूगल कास्ट आणि घरच्या सर्व्हरवरून वाजवायचं डीएलएनए हे चारही मार्ग त्यात आहेत. एकाच कंपनीच्या ॲपवर अवलंबून राहावं लागत नाही, हा माझ्या लेखी त्याचा सगळ्यात मोठा गुण. दोघांतला फरक मुख्यतः डॅक चिपचा आहे आणि वर जे सांगितलं त्यावरून माझं मत कुठे झुकतं ते कळेलच. त्याच घरातला अल्ट्रा मोठा आहे, पडद्यासह येतो, टीव्हीची एचडीएमआय जोडणीही त्यात आहे, पण त्यात एअरप्ले नाही. घरात आयफोन असतील तर हे आधी लक्षात घ्या. हाताने जुळवाजुळव करायची आवड असेल तर रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, त्यावर डॅकची पाटी आणि मूड किंवा व्होल्युमिओ हे सॉफ्टवेअर, हा मार्गही उत्तम आहे. माझ्या स्वतःच्या खोलीत हेच चालतं. घरातल्या ज्येष्ठांनाही रोज लावायचं असेल तर मात्र तयार पेटीच घ्या.

ब्लूटूथ आणि ‘कनेक्ट’ यांतला फरक घरच्यांना समजावून सांगा. ब्लूटूथमध्ये गाणं फोनमधून, पुन्हा आकुंचित होऊन, हवेतून जातं. फोन खोलीबाहेर नेला की तुटतं, फोनवरचा प्रत्येक टिंग स्पीकरवर येतो. कनेक्टमध्ये फोन फक्त रिमोट असतो, गाणं स्ट्रीमर स्वतः इंटरनेटवरून ओढतो. फोन खिशात घालून भाजी आणायला गेलात तरी घरात यमन चालू राहतो.

सेवांबद्दल एक सांगणं राहतंच. टायडल आणि कोबुझ भारतात अधिकृतपणे मिळत नाहीत, त्यामुळे ज्या पेटीची अर्धी जाहिरात या दोन नावांवर आहे, तिचे ते पैसे आपल्यासाठी वाया. एमक्यूए (हाय-रेझ गाणी आकसून पाठवायची एक पद्धत) हा शब्द खोक्यावर दिसला तर तिकडे दुर्लक्ष करा. ती कंपनी २०२३ मध्ये डबघाईला येऊन विकली गेली आणि टायडलने २०२४ मध्ये तो प्रकार सोडून दिला. ॲपल म्युझिकवर २०२१ पासून लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळलेला आवाज, आहे, स्पॉटिफायने ते २०२५ मध्ये आणलं. इंटरनेटच्या वेगाची चिंता करू नका. सीडीच्या दर्जाला सेकंदाला दीड मेगाबिटही लागत नाही. अडतं ते वाय-फाय. जुन्या घरांच्या दीड फुटी भिंतींपलीकडे राउटर असेल तर सरळ लॅन केबल ओढा.

आपल्या संगीताला खरी गरज आहे ती गॅपलेसची. मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये विलंबित आणि द्रुत असे दोन ट्रॅक केलेले असतात, पण तानपुरा दोन्हींतून अखंड चाललेला असतो. पेटी किंवा ॲप गॅपलेस नसेल तर विलंबित संपताना अर्धा सेकंद शांतता येते. तानपुरा मध्येच कुणीतरी हाताने दाबल्यासारखा थांबतो आणि समाधी मोडते. हाय-रेझच्या कोणत्याही आकड्यापेक्षा मला हा अर्धा सेकंद जास्त टोचतो. कास्टने वाजवताना हे अनेकदा होतं, डीएलएनएने चांगल्या सर्व्हरवरून बहुधा होत नाही. परत करायची मुदत संपायच्या आत, ज्या सेवेने तुम्ही ऐकणार तीच लावून, हे तपासा.

हाय-रेझचं म्हणाल तर मूळ रेकॉर्डिंगकडे बघा. १९०२ मध्ये गौहर जान यांचं गाणं कोलकात्यात ध्वनिमुद्रित झालं ते भोंग्यात गाऊन. मायक्रोफोनचं विद्युत ध्वनिमुद्रण १९२५ नंतरचं. तीन-साडेतीन मिनिटांच्या त्या तबकड्या १९२ किलोहर्ट्झच्या फायलीत भरल्या म्हणून त्यांत नसलेलं काही येत नाही. त्या जुन्या गाण्यांसाठी चांगल्या हाताने, खरखर मारताना गाणं न मारता केलेलं ट्रान्स्फर शोधा. तो शोध डॅकपेक्षा कितीतरी जास्त देऊन जातो.

आता तुमचा घूं. तो बहुतेक वेळा ५० हर्ट्झचा किंवा त्याच्या दुपटीचा असतो आणि अर्थिंगच्या फेऱ्यातून, म्हणजे उपकरणं दोन वाटांनी अर्थला जोडली गेल्याने तयार होणाऱ्या वेटोळ्यातून, येतो. ॲम्पला टीव्ही जोडलेला असेल आणि टीव्हीला केबलवाल्याची तार, तर ती तार काढून बघा. घूं गेला तर चोर सापडला. दोन पिनांच्या ॲडॉप्टरवर चालणारी उपकरणं जोडली की ॲम्पच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात, तोही याच कुटुंबातला त्रास. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून घराचं अर्थिंग एकदा तपासून घ्या. प्लगची अर्थची पिन काढून टाकून घूं घालवायचा शहाणपणा कुणी सुचवला तर ऐकू नका, जिवावरचं काम आहे. हा फेरा कशानेच तुटत नसेल, तर ती वेगळा डॅक घेण्याची एक रास्त वेळ. ऑप्टिकल केबलमधून फक्त प्रकाश जातो, वीज नाही, त्यामुळे तिच्या अलीकडचं सगळं विजेच्या दृष्टीने सुटं होतं. इन्व्हर्टर साइन वेव्हचा नसेल तर वीज गेल्यावर ॲम्पचा ट्रान्स्फॉर्मर गुरगुरेल. तेव्हा ॲम्प बंद ठेवलेला बरा.

जुन्या ॲम्पबाबत आणखी एक. आजच्या डॅकचा आउटपुट २ व्होल्टचा असतो. त्या काळच्या ॲम्पना पूर्ण आवाजासाठी दोन-तीनशे मिलीव्होल्ट पुरायचे. म्हणून व्हॉल्यूमचं बटण जरासं फिरवलं की घर दणाणतं. त्या सुरुवातीच्या भागात जुन्या पॉटचे (व्हॉल्यूमच्या बटणामागच्या फिरत्या रेझिस्टरचे) दोन्ही चॅनेल सारखे चालत नाहीत, आणि व्हॉल्यूमच्या आधी ट्रान्झिस्टरचा टप्पा असेल तर तो ओव्हरलोड होऊन आवाज किरटा होतो. स्ट्रीमरच्या सेटिंगमध्ये आउटपुट दहा-बारा डेसिबलने कमी करा. सीडीचे १६ बिट २४ बिटांच्या डॅकमध्ये जातात तेव्हा एवढ्याने काही हरवत नाही, हिशेबाने ४८ डेसिबलपर्यंत जागा असते.

साठ हजारांचं मी असं करीन. स्ट्रीमरला वीसच्या आसपास. चार-पाच हजार ॲम्पच्या सर्व्हिसिंगला. जुने कंडेन्सर बदलून घ्या, स्विच आणि पॉट काँटॅक्ट क्लीनरने धुऊन घ्या, विशेषतः टेप मॉनिटरचा स्विच. तो गंजला की एक चॅनेल येतो-जातो आणि लोक स्पीकरला दोष देतात. स्पीकरच्या टोकांना डीसी ५० मिलीव्होल्टच्या आत आहे ना, हे मेकॅनिककडून मोजून घ्या, नाहीतर चांगले स्पीकर जळतील. काही हजार स्टँडना आणि जाड पडद्यांना. उरलेले ठेवून द्या.

खोलीकडे लक्ष द्याच. दहा बाय बाराच्या खोलीत ४७ आणि ५६ हर्ट्झला, आणि त्यांच्या दुपटींना, भिंतीच वाजू लागतात. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा सा साधारण १३९ हर्ट्झ, तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, ६९ च्या आसपास. डग्गाही याच परिसरात घुमतो. स्पीकर भिंतीला चिकटून असतील तर हा सगळा भाग फुगतो, खूप पुढे आणले तर ओसरतो. दर वेळी अर्धा फूट सरकवत, एकच आलाप लावून, जिथे खर्ज तारेनंतर जवारीचे वरचे स्वर सुटे सुटे उमलताना ऐकू येतात ती जागा शोधा. मिरजेच्या एखाद्या चांगल्या तानपुऱ्याजवळ कधी बसला असाल तर कानाला नेमकं काय शोधायचं ते ठाऊक असेल. जमिनीवर फरशी आणि समोर उघडी भिंत असेल तर स्पीकर आणि तुमच्यामध्ये जाड सतरंजी अंथरा.

सीडी मात्र टाकू नका. संगणकावर त्या फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काही न गाळता जागा वाचवणाऱ्या फायलींत, उतरवा. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे फुकटचं सॉफ्टवेअर चोख काम करतं. फ्लॅकमध्ये तीनशे सीडी शंभर-सव्वाशे जीबीत बसतील. कितीतरी ध्वनिफिती आणि खासगी मैफलींच्या सीडी कोणत्याच सेवेवर नाहीत, आणि ज्या आहेत त्यांत भूपचं स्पेलिंग तीन प्रकारे लिहिलेलं असतं. राग, ताल, गायक, साथीदार हे स्वतःच्या हाताने, एकाच पद्धतीने भरा. वेळखाऊ काम आहे, पण दहा वर्षांनी स्ट्रीमर तिसरा असेल तेव्हाही ही हार्ड डिस्क तीच असेल. तिची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. स्ट्रीमरला थेट हार्ड डिस्क लावता येते का हे घेण्यापूर्वी विचारा. प्रो आणि प्रो प्लसना ती सोय नाही, त्यांच्यासाठी राउटरच्या यूएसबीला किंवा जुन्या लॅपटॉपवर डीएलएनए सर्व्हर चालवावा लागेल.

शेवटचं, डिन केबल. डिन ते आरसीए (स्ट्रीमरकडची लाल-पांढरी टोकं) केबल दोन प्रकारच्या मिळतात. टेपच्या सॉकेटमध्ये १ आणि ४ या पिना रेकॉर्डिंगसाठी सिग्नल बाहेर नेतात, ३ आणि ५ आवाज आत घेतात, २ ही अर्थ. तुम्हाला ३ आणि ५ वर जोडलेली केबल हवी. दुकानात सांगून घ्या आणि घरी आणल्यावर मल्टिमीटरने सलगता तपासूनच लावा.